पाऊण इंच

घरच्यांना कुठं बसवायचं यावर गौरव समितीच्या तीन बैठका झाल्या होत्या आणि तिन्ही बैठकांना घरचं म्हणून एकटा थोरला हजर होता. तरी त्याच्या बहिणीची, टाचणीची, खुर्ची सातव्या रांगेत निघाली. खुर्चीच्या पाठीवर चिकटवलेल्या कागदावर छापलं होतं, 'कारागीर'.

"म्हणजे मी," टाचणी म्हणाली.

"मग त्यात खोटं काय आहे?" आई म्हणाली. "माझं बघ जरा काय लिहिलंय. चष्मा घरी राहिला."

आईची खुर्ची पहिल्या रांगेत होती. टाचणीनं वाचून दाखवलं, "पत्नी, कंसात हयात."

"चला, तेवढी तरी नोंद झाली," असं म्हणून आई त्या कागदावर टेकून बसली.

आबा जाऊन सहा वर्षं झाली होती. बाजाराच्या मागच्या गल्लीत चाळीस वर्षं त्यांनी शर्ट, पँटी आणि कोट शिवले आणि शिवता शिवता गाणी रचली. ती गाणी हमालांनी म्हटली, नर्सांनी म्हटली, लग्नात म्हटली गेली, संपात म्हटली गेली. आज त्यांच्या नावानं हजार खुर्च्यांचं नाट्यगृह भरणार होतं. निमंत्रणपत्रिकेत मात्र शिंपीकाम कुठं सापडत नव्हतं. 'वस्त्रव्यवसायाशी निगडित लोककवी' असं त्यांचं वर्णन होतं. वाचणाऱ्याला वाटावं, माणसाच्या निदान दोन गिरण्या असतील.

हे शब्द थोरल्याचे. थोरला कॉलेजचा प्राचार्य होता. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी सगळे त्याला 'सर' म्हणत, त्याची बायकोसुद्धा. फक्त आई 'थोरल्या' म्हणायची आणि ते त्याला चारचौघांत आवडत नसे. मधली बहीण टाचणी. लहानपणापासून दुकानात तोंडात टाचण्या धरून वावरायची म्हणून हे नाव पडलं. आता सत्तावन्नाव्या वर्षी तेच दुकान ती चालवत होती. धाकटा भोंगा, कारण तो लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचा आणि बोलायचाही तसाच. समितीवर त्याला घेतलं नव्हतं. आवाजाची व्यवस्था मात्र 'घरचंच काम' म्हणून त्याच्यावर टाकली होती.

दारात पुस्तकांचं टेबल मांडलं होतं. आबांच्या समग्र गाण्यांचा ग्रंथ आज प्रकाशित व्हायचा होता. पाचशे प्रती, जाड पुठ्ठा, संपादक थोरला. टेबलामागं वहिनी उभी होती. टाचणीनं एक प्रत उचलली आणि सरळ चौसष्टावं पान काढलं. ते गाणं कुठं असणार हे तिनं अनुक्रमणिका न बघता ओळखलं, कारण पुस्तक आपोआप तिथंच उघडत होतं.

ठेवलंय माप तुझं, ये रे माघारी
खडूची रेघ अजून पुसली नाही सारी

हे आबांचं सगळ्यात गाजलेलं गाणं. त्याला दोनच कडवी होती. पुढं कडवं आहे हे सगळ्यांना माहीत होतं, कारण आबा स्वतः म्हणायचे तेव्हा दुसऱ्या कडव्यानंतर एक कडवंभर नुसते गुणगुणायचे आणि मग ध्रुपद धरायचे. लोकांनी विचारून विचारून जीव घेतला. आबा म्हणायचे, "कापड कमी पडलं." या गुणगुणण्यावर दोघांनी प्रबंध लिहिले होते.

टाचणीनं नजर खाली सरकवली. दुसऱ्या कडव्याखाली बारीक अक्षरात होतं, 'नव्याने सापडलेले अंतिम कडवे'. आणि त्याखाली,

देहवस्त्र जीर्ण झाले, उसवला रे धागा
अनंताच्या अंगणात मागतो मी जागा

तिनं ते दोनदा वाचलं. मग पुस्तक मिटून टेबलावर पालथं ठेवलं.

"वहिनी, हे कुठं सापडलं?"

"जुन्या वहीत," वहिनी म्हणाली. तिनं हे इतक्या झटकन सांगितलं की तिचं तिलाच अवघडल्यासारखं झालं.

"आबांनी जन्मात वही वापरली नाही. ते सगळं खाकी कागदावर लिहायचे. आणि धागा उसवत नाही, वहिनी. शिवण उसवते. धागा तुटतो. चाळीस वर्षं शिवलेल्या माणसानं हे लिहिलं असेल का?"

वहिनीनं पुस्तकांची चळत उगाच सरळ केली. तिला काय बोलायचं होतं हे तिच्या तोंडावर दिसत होतं. गेल्या महिन्यात आठवडाभर सर न्हाणीघरात बादलीवर बोटं वाजवत होते आणि 'देहवस्त्र', 'जीर्णवस्त्र', 'मृदुवस्त्र' असे शब्द पाण्याच्या आवाजात ऐकू येत होते. तिनं विचारलं तर ते म्हणाले होते, स्मरणातून उतरवून घेतोय. साडेचारशे पानं तिनं एकटीनं टंकली होती. ऋणनिर्देशात सरांनी छपाईवाल्याचे, कागदवाल्याचे आणि 'अहोरात्र साथ देणाऱ्या संगणकाचे' आभार मानले होते. संगणकासमोर बसलेल्या बाईचे राहून गेले. तेव्हापासून ती नवऱ्याशी फक्त कामापुरतं बोलत होती.

"मी काय सांगणार?" वहिनी शेवटी म्हणाली. "मी फक्त टाइप करते."

"टाइप करताना कळलं असेलच की."

"कळलं म्हणून काय करता? घरात राहायचंय मला." मग तिनं आवाज उतरवला. "तुम्ही काय करणार असाल ते करा, वन्सं. मी काही बघितलं नाही, एवढंच मी तुमच्यासाठी करू शकते."

नणंद-भावजयींत पस्तीस वर्षांत झालेला हा पहिला करार.

तेवढ्यात थोरला आला. करड्या रंगाचा नवा कोट, गळ्यात टाय आणि मागं समितीचे दोघं. चालता चालता त्यानं उजव्या हातानं डाव्या बाहीचं टोक मागं ओढलं. ती त्याची सवयच होती. बाही मागं ओढायची, चार पावलं चालायचं, बाही पुन्हा बोटांवर आली की पुन्हा ओढायची. लग्नापासून त्यानं सात शिंपी बदलले आणि सातही जणांना नालायक ठरवून शेवटी मोठ्या दुकानातल्या तयार कपड्यांवर आला. तिथंही तेच. त्याच्या मते शिंपीकाम नावाची विद्या देशोदेशी बुडत चालली होती.

"टाचणे, आईला पाणी वगैरे बघ हं," तो म्हणाला. "आणि ती बाही शेवटपर्यंत सापडली नाही ना गं तुला? जाऊ दे. आता काही अडत नाही."

"कडवं सापडलं म्हणे."

"सापडलं!" थोरल्याच्या डोळ्यांत खरोखरच पाणी तरळलं. "काय लिहून गेलाय माणूस!" बाही मागं ओढत तो पुढं गेला.

बाहीचं प्रकरण असं होतं. आबा गाणी लिहायचे ती कटिंगच्या खाकी कागदांवर. गिऱ्हाइकाचं माप घेतलं की कागदावर पाठ, पुढा, बाही, कॉलर आखायची आणि कापायच्या आधी रिकाम्या जागेत सुचेल ते खरडायचं. एक गाणं एका कोटावर. पहिलं कडवं पाठीवर, दुसरं पुढ्यावर, तिसरं बाहीवर, ध्रुपद कॉलरवर. आबा गेल्यावर पंधरा दिवसांत थोरल्यानं वाटणी केली, आणि भांडण नको म्हणून अगदी न्यायानं केली. सगळ्या पाठी आणि पुढे त्याला, सगळ्या बाह्या टाचणीला, सगळ्या कॉलरी भोंग्याला. तीन गठ्ठे तासाभरात दोरी बांधून तयार. एकशे अठरा गाण्यांचे तीनशे चोपन्न वाटे झाले हे चार वर्षांनी लक्षात आलं, तेव्हा भोंग्यानं निम्म्या कॉलरी स्पीकरच्या खोक्यात आतून चिकटवल्या होत्या. आवाज छान येतो म्हणाला.

ग्रंथासाठी टाचणीनं आपल्या बाह्या काढून दिल्या. एकशे सतरा दिल्या.

राहिलेली एक तिच्या पर्समध्ये होती.

---

भोंग्याचं टेबल नाट्यगृहाच्या मागच्या टोकाला होतं. पुढ्यात कळांच्या रांगा, कानावर एक हेडफोन, दुसरा कान जगासाठी मोकळा. व्यासपीठावर वाद्यवृंद सूर लावत होता. बावीस व्हायोलिनं होती. आबांच्या गाण्यांना आयुष्यभर पायमशीनच्या खटखटीचाच काय तो ताल होता.

"ताई, ऐकलंस? सगळं निम्म्या चालीत म्हणतायत," भोंगा म्हणाला. "या वेगानं आबांनी मशीन चालवलं असतं तर आपण अजून नागडे असतो."

टाचणी त्याच्याशेजारच्या पेटाऱ्यावर बसली. तिनं पर्समधून खाकी कागदाची घडी काढली आणि त्याच्या मांडीवर ठेवली. भोंग्यानं वाचलं. हेडफोन काढला. पुन्हा वाचलं.

"हे खरं आहे?"

"अक्षर बघ की."

"तुझ्याजवळ होतं? इतकी वर्षं?"

"आबांनी मला दिलं नव्हतं. मी कचऱ्यातून उचललं. पस्तीस वर्षं झाली. आई म्हणाली, कुणाला दाखवू नकोस."

भोंग्याच्या चेहऱ्यावर एक मोठा आनंद पसरत गेला. तो चांगुलपणाचा नव्हता. समितीतून वगळल्यापासून आठ महिने तो हाच दिवस कोणत्या रूपात येईल याचा विचार करत होता.

"ताई, देवानं दिलंय हे. ऐक. ती बाई दुसरं कडवं संपवेल. तू इथनं नुसती मान हलव. मी तिचा माइक बंद करतो. तू हा माझ्याकडचा माइक घे आणि वाच. हजार लोकांसमोर. पहिल्या रांगेत मंत्री बसलाय. सरांची अशी जिरेल, अशी जिरेल की परत कुणाला प्रस्तावना लिहिणार नाही."

"आणि आई?"

"आईला मजा येईल."

टाचणीलाही मजा आली असती, हे तिनं स्वतःशी कबूल केलं. 'कारागीर' लिहिलेला कागद तिनं खुर्चीवरून काढून घडी करून पर्समध्ये ठेवला होता. थोरला शेवटचा दुकानात आला त्याला पस्तीस वर्षं झाली होती. आईनं गप्प राहा सांगितलं हे खरं, पण टाचणी एवढी वर्षं गप्प राहिली ती आईसाठी कमी आणि रागानं जास्त. ज्याला बापाच्या हातचं नको होतं, त्याला ते का द्यायचं? आज मात्र गप्प राहिलं की तो 'उसवला धागा' कायमचा आबांच्या नावावर जाणार होता. लोक तो म्हणणार, पोरं तो पाठ करणार, आणि कुणीतरी तिसरा प्रबंध लिहिणार.

"मी पुढं जाऊन बसते," ती म्हणाली. "माझ्याकडं बघत राहा."

"डोळा हलवत नाही," भोंगा म्हणाला आणि गायिकेच्या कळेवर बोट ठेवून बसला.

---

पहिल्या रांगेत आईशेजारची खुर्ची रिकामी होती, कुणा उपसचिवाची. टाचणी तिच्यावर बसली. व्यासपीठाच्या मधोमध काचेच्या चौकटीत खाकी कागदाची एक पाठ आणि एक पुढा टांगला होता, त्यांच्यावर दिवा सोडला होता. दोन्ही मिळून बाह्या नसलेल्या कोटासारखे दिसत होते.

गाणं सुरू झालं. गायिका मोठी होती, गळा सुंदर होता, फक्त आबा वारल्याचं दुःख तिला घरच्यांपेक्षा जास्त झालेलं दिसत होतं.

पाठ तुझी रुंद, चालीत तुझ्या ऐट
वळून न बघता गेलास तू थेट

"आई," टाचणी कुजबुजली, "थोरल्यानं तिसरं कडवं स्वतः लिहून घातलंय. आबांच्या नावावर."

"वाचून दाखवलं मला त्यानं," आई म्हणाली. "अनंताच्या अंगणात. तुझ्या बापाला अंगण कुठं होतं? दीड खोली होती."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? खरं कोणतं ते सांगावं लागलं असतं."

"मी आणलंय ते. भोंगा माइक बंद करायला टपलाय. मी मान हलवली की झालं."

व्हायोलिनं दुसऱ्या कडव्याकडं निघाली होती.

छातीला ठेवली चार बोटं माया
वाढलास तर उसवीन, जाणार नाही वाया

शिवणीच्या आत जास्तीचं कापड ठेवतात त्याला दुकानात माया म्हणतात. थोरल्याच्या प्रस्तावनेत या एका ओळीवर अकरा पानं होती आणि त्यात कापड कुठंच नव्हतं.

"माइकवर वाचशील," आई म्हणाली, "मग ते पहिल्यांदा कोण ऐकेल? हे हजार लोक. तुझ्या बापानं मरेपर्यंत कुणाला ऐकवलं नाही. मला म्हणाला होता, हे माप एकट्याचं आहे. तू आपली वाच. मी काही तुला धरून ठेवत नाही. या वयात मला फार वेळ बसवत पण नाही."

दुसरं कडवं संपलं. क्षणभर वाद्यं थांबली. नाट्यगृहाच्या टोकाला भोंगा अर्धा उभा राहिला होता, मान पुढं काढून. टाचणीची मान जड झाली होती, इतकी की ती हलवायची आहे का धरायची आहे हे तिला कळेना. आबांचं ते गुणगुणणं तिला आठवलं. इथंच, या जागी, ते तोंड मिटायचे.

तिनं मान हलवली नाही.

'देहवस्त्र जीर्ण झाले' हजार लोकांवर ओतलं गेलं. लोकांनी रुमाल काढले. मंत्री हेलावले. विंगेत उभा असलेला थोरला स्वतःच्या कडव्यावर ढसाढसा रडला. भोंगा मटकन खाली बसला आणि रागाच्या भरात त्यानं बासऱ्या बंद करून टाकल्या. ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

---

व्यासपीठामागच्या खोलीत आरशाभोवती दिवे होते, एका बशीत अर्धी बिस्किटं होती आणि थोरला समारोपाच्या भाषणाचे कागद चाळत होता. त्याला अगदी हलकं वाटत होतं. खोटं केलं असं त्याला वाटत नव्हतं. बापाचं रक्त आपल्यात आहे, मग बापाचं कडवं आपल्यातून आलं तर त्यात काय नवल, असं त्यानं स्वतःला केव्हाच पटवून दिलं होतं. खरं सांगायचं तर पहिल्या दोन कडव्यांपेक्षा त्याला तिसरंच सरस वाटत होतं.

एक गोष्ट मात्र होती. 'ये रे माघारी' हे कुणाला उद्देशून, या प्रश्नाशी तो तरुणपणी एकदा अडखळला होता. गाणं पहिल्यांदा कानावर आलं ते वर्ष त्याच्या लग्नाचं होतं. त्यानं लग्नाचा कोट मोठ्या शहरात, काचेच्या दुकानात शिवून घेतला होता. आबांच्या कटिंगला गावठी वास येतो असं तो भोंग्याजवळ बोलला होता, आणि भोंग्याजवळ बोललेलं गल्लीभर ऐकू गेलं होतं. आबा काही म्हणाले नव्हते. लग्नात त्यांनी कोटाची शिवण बोटानं चाचपली आणि 'बरा आहे' म्हणाले. पुढं थोरला मोठा अभ्यासक झाला तेव्हा त्यानं ठरवून टाकलं की गाणं परमेश्वराला उद्देशून आहे. परमेश्वर सोयीचा होता.

दार ढकलून टाचणी आत आली.

"पाच मिनिटांत भाषण आहे माझं," थोरला म्हणाला.

"एक मिनिट लागेल." तिनं आरशासमोरच्या फळीवर दोन खाकी कागद उलगडले. दोन बाह्या होत्या. उजवी कोरी होती. डाव्या बाहीवर खडूची मळकी रेघ होती, कोपऱ्यात 'थोरला, लग्न' असं लिहिलं होतं आणि मध्ये दोन ओळी होत्या.

डावा तुझा हात रे पाऊण इंच उणा
मला तेवढं ठाऊक, सांगत नाही कुणा

थोरल्यानं वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग प्राचार्य जे करील तेच त्यानं केलं.

"पहिल्या ओळीत एक मात्रा कमी पडते," तो म्हणाला.

"पडू दे. हात ठेव त्यावर."

"कशाला?"

"ठेव म्हणते ना."

त्यानं कोट काढला आणि शर्टाच्या बाहीतला डावा हात कागदावर पसरला. खांद्याची रेघ खांद्याला लागली, मनगटाचं हाड बरोबर खुणेवर आलं. मग टाचणीनं उजवी बाही डावीवर ठेवली. ती खाली बोटाच्या पेराएवढी जास्त उरली.

"आबा बाहीचा एकच कागद कापायचे, सगळ्यांना. दोन्ही हात सारखेच असतात," ती म्हणाली. "दोन कागद फक्त तुझे. चार वर्षांचा असताना त्यांनी तुला कटिंगच्या टेबलावर बसवलं होतं आणि कापड आणायला वळले. तू पडलास. हात जुळला पण उणा राहिला. त्यानंतर तुझा प्रत्येक शर्ट त्यांनी असा शिवला की तुला कळू नये. लग्नापर्यंत तुला कळलं नाही."

थोरला कागदाकडं बघत राहिला. त्याचा उजवा हात डाव्या मनगटाकडं गेला, ओढायला, आणि तिथंच थांबला.

"म्हणजे ते सात शिंपी..."

"सातही बरोबर होते."

बाहेर टाळ्या वाजल्या. कुणीतरी दारावर टकटक करून "सर, चला" म्हणून गेलं.

"आईला माहीत होतं?"

"पडलास तेव्हा उचललं कुणी होतं तुला?"

"मला का नाही सांगितलं?" हे त्यानं प्राचार्याच्या आवाजात विचारलं नाही. "एकदा तरी कुणी..."

"दुसरी ओळ वाच. मात्रा पुरी आहे ती." टाचणीनं कागदांची घडी केली. आज आपण भावाला रडवायचं ठरवून आलो होतो हे तिला आठवलं. आता तो खरंच रडायच्या बेतात होता आणि तिला त्यातली मजा काही केल्या येईना. त्याचा तिला आणखी राग आला. "भोंगा मघाशी माइक बंद करणार होता. मी मान हलवली नाही. ते तुझ्यासाठी नव्हतं, आबा सांगत नव्हते म्हणून मीही सांगितलं नाही. पण तो उसवलेला धागा आबांच्या नावावर राहिला तर मी दुकानाबाहेर फळ्यावर लिहीन की तुला साधी शिवण कळत नाही."

ती घडी त्याच्या हातात देऊन निघून गेली.

---

थोरला माइकसमोर आला तेव्हा त्याच्या हातात भाषणाचे कागद नव्हते. कोट अंगात होता, डावी बाही बोटांवर आली होती आणि तो ती ओढत नव्हता. भोंग्यानं कळेवर बोट ठेवलं होतं. ताईनं मान हलवली नाही तरी आता स्वतःच्या जबाबदारीवर सरांना मुकं करायचं त्यानं ठरवलं होतं.

"ते शेवटचं कडवं," थोरला म्हणाला, "आबांचं नाही."

भोंग्यानं कळ खाली ओढण्याऐवजी टोकापर्यंत वर सरकवली.

"ते मी लिहिलं," थोरल्याचा आवाज भिंतींवर आदळला. "वहीबिही काही सापडली नाही. मी लिहिलं आणि आबांचं म्हणून छापलं. धागा उसवत नाही, शिवण उसवते. एवढंही मला माहीत नव्हतं."

वहिनी मागच्या दारात उभी होती. तिनं पुस्तकांच्या टेबलाचा काठ धरला.

मग समितीचे अध्यक्ष उठले. ते समीक्षक होते आणि कोणत्याही प्रसंगी त्यांना अर्थ सापडायचा. "काय ही नम्रता!" ते सद्गदित होऊन म्हणाले. "पिता आणि पुत्र यांतली रेषाच इथं पुसली जाते. कुणी लिहिलं याला काय महत्त्व? आबाच यांच्या मुखातून बोलले!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मंत्री उभे राहिले, म्हणून सगळेच उभे राहिले. थोरला दोन्ही हात वर करून "नाही, नाही, अहो खरंच" म्हणत राहिला आणि जितक्या वेळा म्हणाला तितक्या टाळ्या वाढत गेल्या. आयुष्यभर त्यानं वाटेल ते सांगितलं आणि लोकांनी मान डोलावली. आज एकदा खरं बोलला तर कुणी ऐकून घेईना.

मागून एका बाईनं ओरडून विचारलं, "मग खरं कडवं कोणतं, सर?"

थोरल्याचा हात कोटाच्या आतल्या खिशाकडं गेला. पहिल्या रांगेत आई पुढं झुकली.

"ते आहे," थोरला म्हणाला. "पण सांगत नाही."

आई मागं टेकली. तिच्या पाठीखाली 'पत्नी' चुरगळली.

---

बाहेर पुस्तकांच्या टेबलापाशी थोरला खुर्ची ओढून बसला आणि वहिनीकडं पेन मागितलं. पहिली प्रत उघडून चौसष्टाव्या पानावरच्या शेवटच्या दोन ओळींवर त्यानं आडवी काट मारली. दुसरी प्रत घेतली.

"पाचशे आहेत," वहिनी म्हणाली.

"माहीत आहे. आणि त्या ऋणनिर्देशाच्या पानावर..." तो अडखळला. "तिथं तुझं नाव लिहायचं राहिलंय."

"ते प्रत्येक प्रतीत हातानं लिहा," वहिनी म्हणाली. "माझं नाव लांब आहे. संगणकाच्या वर लिहा."

लोकांना वाटलं, सर सह्या देतायत. रांग लागली. मंत्र्यांच्या सचिवानं दोन प्रती पुढं केल्या आणि "साहेबांच्याही पुस्तकात काट मारा ना," म्हणून आग्रह धरला. भोंगा खोकी उचलून आणत होता आणि प्रत्येक खोक्यागणिक रांगेतल्या माणसांना सांगत होता की आपण आवाज वाढवला म्हणून हे सगळं झालं.

टाचणी आईला घेऊन बाहेर आली. थोरल्यानं वर बघितलं. बाही पुन्हा पानावर घसरली होती आणि ताज्या शाईत लोळत होती.

"टाचणे," तो खालच्या आवाजात म्हणाला, "या कोटाचं काही करता येईल का? दुकानात येतो मी. उद्या. माप द्यायला."

ती त्याच्याजवळ गेली. पर्समधून टाचण्या काढून तोंडात धरल्या, खुर्चीशेजारी गुडघ्यावर बसली आणि त्याचा डावा हात स्वतःकडं ओढला. पट्टी काढली नाही, खडू काढला नाही. बाही आत दुमडली आणि एक, दोन, तीन टाचण्या लावल्या.

"माप नाही घेणार?" थोरल्यानं विचारलं.

तोंडात टाचण्या होत्या, म्हणून तिनं उत्तर दिलं नाही.